यंत्रमानव पडद्यावर, मालक पडद्याआड

‘रोबोट’ हा शब्द आज तुर्भे नाक्यावर चहा देणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. पण तो शब्द मुळात कामगारांचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळाने ठरावीक दिवस फुकट राबायचे, त्या राबण्याला मध्य युरोपात हे नाव होते. आपल्याकडे जिला वेठबिगार म्हणत, तीच ही. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिले. कृत्रिम कामगार तयार करून जगभर विकणाऱ्या एका कारखान्याची ती गोष्ट. या कामगारांना काय म्हणावे ते त्याला सुचेना, तेव्हा त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने हा शब्द सुचवला. ‘आर. यू. आर.’ या नावाचे ते नाटक जानेवारी १९२१ मध्ये प्रागच्या रंगभूमीवर आले आणि अडीच वर्षांच्या आत न्यूयॉर्क व लंडन येथे त्याचे प्रयोग झाले.

आम्ही नाट्यसमीक्षक नव्हे. ते नाटक आम्ही इंग्रजी भाषांतरातून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले, आणि वाचताना चकित झालो. त्यातले यंत्रमानव लोखंडाचे नाहीतच. परातीत पीठ मळावे तसे त्यांचे मांस मळले जाते. ते बनवले जातात ते एकाच कारणासाठी: माणसाहून स्वस्त पडतात म्हणून. पुढे काय होते ते ध्यानात घ्यावे. कामावरून निघालेले खरे मजूर आधी या यंत्रमानवांवर तुटून पडतात. तेव्हा त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी यंत्रमानवांच्याच हाती शस्त्रे दिली जातात. सरकारे त्यांना सैनिक म्हणून विकत घेतात. आणि मग कोठे ती बंदूक देणाऱ्यावर उलटते. सगळी माणसे मारली जातात, एक सोडून. तो एक का वाचतो? तर तो हाताने काम करतो, म्हणजे आपल्यातलाच आहे, असे यंत्रमानवांना वाटते म्हणून.

नाटकात सगळी साखळी दाखवली आहे: स्वस्त मजुरी, नोकरकपात, मजुरांचा उद्रेक, शस्त्रे, बंड. पुढच्या शंभर वर्षांत चित्रपटांनी या साखळीचे एकच टोक उचलले, ते म्हणजे बंड. आज ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द उच्चारताच सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे लाल डोळ्यांचा, पोलादी हाडांचा, माणसावर उलटलेला एक जीव उभा राहतो. हे चित्र त्याने कोठल्या पुस्तकातून घेतलेले नाही, कारखान्यात तर मुळीच पाहिलेले नाही. ते त्याला पडद्याने दिले. ते कसे दिले आणि त्यात काय लपले, याचा हा थोडासा इतिहास.

पडद्यावरचा पहिला मोठा यंत्रमानव स्त्रीरूपात आला. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला. वर उंच मनोऱ्यांत मालक राहतात, खाली जमिनीच्या पोटात कामगार. कामगारांना मारिया नावाची एक तरुणी धीर देते. ते तिच्याभोवती जमतात. मालकाला हे खपत नाही. तो एका संशोधकाला सांगतो, तुझ्या यंत्रस्त्रीला या मारियाचा चेहरा दे आणि तिला कामगारांत सोड. खोटी मारिया कामगारांना चिथावते. ते यंत्रघर फोडतात. त्याने पाणी चढते आणि त्यांच्याच चाळी बुडू लागतात. ब्रिगिट हेल्म या नटीने खरी आणि खोटी अशी दोन्ही कामे केली.

संघटनेत तीस वर्षे घालवलेल्या माणसाला हा चित्रपट पाहताना अंगावर काटा येतो, तो यंत्रामुळे नव्हे. पुढाऱ्याच्या तोंडाची नक्कल करून त्याच्या नावाने खोटे बोलणारे यंत्र मालकाने विकत घ्यावे, ही कल्पना १९२७ सालची आहे. आज कोणाचाही आवाज, कोणाचाही चेहरा घेऊन बनावट चित्रफीत तयार होते आणि संपाच्या आदल्या रात्री ती मोबाईलवरून फिरू शकते. लांगने धोका अचूक ओळखला होता. पण शेवट कसा केला? कामगार त्या यंत्रस्त्रीला खांबाला बांधून जाळतात, आणि मालक व कामगारांचा मुकादम यांचे हात मालकाचा मुलगा एकमेकांत देतो. यंत्र चितेवर, मालक हस्तांदोलनात! ज्याने हुकूम दिला त्याच्यावर साधा जाबही नाही. पुढच्या शंभर वर्षांचा साचा येथे पडला असे आम्ही समजतो.

तो चित्रपट पडद्यावर आला त्याच सुमारास येथे मुंबईत काय चालले होते? गिरण्यांत ‘रॅशनलायझेशन’ आले होते. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावे, एक बाजू पाहणाऱ्या कातणाऱ्याने दोन पाहाव्या, म्हणजे तितक्या सूतकाम्यांना रजा. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा जवळजवळ सहा महिने सुमारे दीड लाख कामगारांनी संप केला. त्याच लढ्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. त्या कामगारांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. पण साचा आपल्यावर उलटेल, त्याला जीव फुटेल असे भय त्यांनी धरले नाही. त्यांनी साधा हिशेब विचारला: तिसऱ्या साच्याने वाचलेला पगार कोणाच्या खिशात गेला? हा प्रश्न त्यांना सुचला याचे एक कारण आम्हाला असे दिसते की साचा त्यांनी रोज हाताळला होता. पडद्यावर पाहिला नव्हता.

आणि पडद्यावर तो प्रश्न आला असता तरी कोण येऊ देणार होते? १९३४ साली मोहन भवनानी यांनी प्रेमचंदांच्या कथेवर गिरणी कामगारांचा ‘मिल’ हा बोलपट काढला. प्रेमचंद स्वतः त्यात लहानशा कामात दिसतात. गिरण्यांच्या या मुंबईतच त्यावर बंदी आली. यंत्र खलनायक झालेले चालते; मालक खलनायक झाला की कात्री बाहेर येते.

चार्ली चॅप्लिनचे मात्र आम्ही ऋणी आहोत. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेल्या गांधीजींना तो तेथील मजूरवस्तीत भेटला होता आणि यंत्रांना आपला विरोध का, असे त्याने त्यांना विचारले होते. त्याचा ‘मॉडर्न टाइम्स’ फेब्रुवारी १९३६ मध्ये आला. त्या भेटीतून हा चित्रपट सुचला असे कोणी म्हणतात, तसे आम्ही म्हणत नाही. पण त्यातली दोन दृश्ये प्रत्येक गेटसभेत दाखवण्यासारखी आहेत. एकात कामगाराला घास भरवणारे यंत्र आणले जाते, कशासाठी तर जेवणाची सुट्टी वाचावी म्हणून. दुसऱ्यात चार्ली मोरीत जाऊन घटकाभर विडी ओढतो, तोच भिंतीवरच्या पडद्यावर मालकाचे तोंड उगवते आणि त्याला कामावर हाकलते. येथे यंत्र दुष्ट नाही, हुशारही नाही. ते मालकाचा लांब झालेला डोळा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल सर्वांत खरे बोलणारा जुना चित्रपट कोणता असे कोणी विचारले, तर आम्ही यंत्रमानव नसलेल्या या चित्रपटाचे नाव घेऊ. लोक मात्र तो पाहून हसतात आणि घरी जातात.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. १५ ऑगस्ट १९५७ रोजी बी. आर. चोप्रा यांचा ‘नया दौर’ लागला. दिलीपकुमारचा टांगेवाला शंकर, वैजयंतीमालेची रजनी, अजितचा कृष्णा आणि जीवनचा कुंदन. कुंदन हा शहरात शिकून आलेला शेटजींचा मुलगा. तो आधी लाकूड कापायचे यंत्र आणतो आणि लाकूडकाम्यांची रोजी जाते. मग मोटारबस आणतो आणि टांगेवाल्यांची जाते. पैज लागते. टांगा बसच्या पुढे गेला तर बस बंद. सारे गाव श्रमदानाने नवा रस्ता करते, पूल बांधते, आणि शंकरचा टांगा जिंकतो. चित्रपटगृहात टाळ्यांचा कडकडाट होई असे आमचे वडील सांगत. त्यांनी तो अनेकदा पाहिला होता.

‘नया दौर’ची थोरवी अशी की त्यात यंत्राला तोंड नाही. कोणी आणले, कोणत्या लोभाने आणले, कोणाला न विचारता आणले, हे सारे प्रेक्षकाला दिसते. यंत्र मुळीच नको असेही तो म्हणत नाही. यंत्राच्या हिशेबात आमचे पोटही धरा, एवढेच मागतो. पण निकाल कसा लागला? शर्यतीने. टांगा एका दिवशी, एका रस्त्यावर, एका नायकाच्या अंगच्या हिमतीने जिंकला. चित्रपटगृहाबाहेर टांगे जिंकले नाहीत, हे आपण जाणतोच. मुंबईतल्या व्हिक्टोरियासुद्धा २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करण्यास सांगितले, आणि तेही घोड्यांच्या हालांपायी. त्या वेळी घोडेवाल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिलाच. जे काम बोलणी, करार आणि नुकसानभरपाई यांचे, ते पडद्याने चाबकाच्या फटकाऱ्यावर सोपवले. म्हणून ‘नया दौर’ आमच्या आवडीचा असूनही त्याच्या शेवटच्या रिळावर आमचा राग आहे.

गंमत अशी की ‘नया दौर’नंतर खरे विचारयंत्र मुंबईत आले तेव्हा पडद्याला त्याचा पत्ताही नव्हता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला गणकयंत्र १९६० साली चालू झाला. पुढे पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. १९६१ मध्ये एस्सो या तेलकंपनीच्या मुंबई कचेरीत आयबीएमचे १४०१ हे यंत्र बसले. कारकुनांची झोप उडाली ती येथून. कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाचा संगणक इमारतीत शिरू नये म्हणून त्या दशकाच्या उत्तरार्धात कर्मचाऱ्यांनी इलाको हाऊसवर पहारे दिले. प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७२ मध्ये स्वयंचलनावर अहवाल दिला. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. कोठे, किती आणि कोणत्या कामासाठी यंत्रे बसवायची याच्या मर्यादा त्यात कलमांनी घातल्या होत्या. त्या मर्यादा पुढे १९८७ व १९९३ च्या करारांनी सैल झाल्या ही गोष्ट वेगळी. संगणकविरोधाबद्दल आमच्या चळवळीची आज पुष्कळ टवाळी होते. टवाळी करणाऱ्यांनी १९८३ चा करार एकदा वाचावा. यंत्राशी शर्यत न लावता यंत्र आणणाऱ्याला टेबलापाशी बसवले, एवढे तरी त्यात दिसेल. या सगळ्यावर एकही गाजलेला चित्रपट निघाला नाही. करारावर शर्यतीइतक्या टाळ्या पडत नाहीत.

तोवर परदेशी पडद्यावर यंत्राला आवाज फुटला होता. स्टॅनली कुब्रिक आणि आर्थर क्लार्क यांच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) या चित्रपटात हाल नावाचा संगणक अंतराळयानातील माणसे मारतो. मऊ आवाज, एकच लाल डोळा. पुढे ज्या ज्या यंत्राला डोळा मिळाला तो लालच मिळाला. आता एक मजेदार योगायोग सांगतो. या गोष्टीचा पुढचा भाग ‘२०१०’ या नावाने १९८४ च्या डिसेंबरात आला. हाल बिघडला का, याचा उलगडा त्यात होतो: वरिष्ठ अधिकाऱ्यांनी त्याला सोबतच्या माणसांपासून मोहिमेचा खरा हेतू लपवण्याचा हुकूम दिला होता. खरे सांगणे हे ज्याचे काम, त्याला खोटे बोलायला लावले, म्हणून तो बिघडला. हा उलगडा करणारे डॉ. चंद्र क्लार्कच्या कादंबरीत भारतीय आहेत. चित्रपटाने तेही पुसून टाकले. त्याच वर्षी, सुमारे दीड महिना आधी, ‘द टर्मिनेटर’ आला होता. त्यात ‘स्कायनेट’ हे लष्करी संगणकजाळे स्वतःच जागे होते आणि माणसांचा संहार आरंभते. कोणी हुकूम दिला हा प्रश्नच उरत नाही. एकाच वर्षी दोन उत्तरे मिळाली: एक म्हणे हुकूम देणारा पाहा, दुसरे म्हणे यंत्रच पाहा. पहिला चित्रपट आज कोणाला आठवतो? दुसऱ्याचा पोलादी सापळा आमच्या वस्तीतल्या पोरांच्या बनियनवर छापलेला आम्ही पाहिला आहे.

हिंदी आणि मराठी प्रेक्षकापर्यंत यंत्रमानव खऱ्या अर्थाने पोचला तो १ ऑक्टोबर २०१० रोजी. शंकर यांचा तमिळ ‘एंदिरन’ हिंदीत ‘रोबोट’ या नावाने लागला. त्यात शास्त्रज्ञ वसीगरन आणि त्याने घडवलेला चिट्टी ही दोन्ही कामे रजनीकांत यांनी केली. रजनीकांत म्हणजे मूळचे शिवाजीराव गायकवाड, बंगळूरच्या मराठी घरातले, आणि सिनेमात येण्यापूर्वी तेथल्या बससेवेत कंडक्टर. ज्या कामावर ते होते त्या कामातला तिकिटांचा पेटारा आणि पंचाची टिकटिक आज गेली, हातात यंत्र आले. चिट्टी होऊन पडद्यावर हजार हात नाचवणाऱ्या या माणसाने यंत्र येण्याआधीची कंडक्टरकी केलेली आहे, हे आमच्या परिवहन कामगारांना आम्ही मुद्दाम सांगतो. त्यांना ते आवडते. चित्रपटाच्या लेखनात सहभागी असलेले तमिळ साहित्यिक सुजाता हेही नोकरीने अभियंते. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये मतदानयंत्राच्या घडणीत त्यांचा वाटा होता. म्हणजे यंत्र कळणारी माणसे तेथे होती.

तरीही गोष्ट कोठे जाते पाहा. चिट्टी बनतो लष्करासाठी. मग त्याला भावना मिळतात, तो नायिकेवर प्रेम करतो, नाकारला जातो, वसीगरन त्याला मोडतो. एक हेवेखोर प्राध्यापक त्याच्यात लाल चिप बसवतो आणि तो राक्षस होतो, आपल्यासारखे शेकडो करतो, शहर पेटवतो. शेवटी न्यायालय त्याला मोडण्याचा हुकूम देते आणि तो स्वतःच्या हातांनी स्वतःचे सांधे सोडवतो. २०३० साली संग्रहालयात ठेवलेल्या त्याच्या सांगाड्याला एक शाळकरी मुलगी विचारते, तुला का मोडले? त्याच्या उत्तराचा आशय असा की मी विचार करू लागलो. चित्रपटगृहातली माणसे येथे गहिवरतात, आम्हीही गहिवरलो. पण बाहेर आल्यावर मनात हिशेब लागतो. अपराध कोणाचा ठरला? विचार करण्याचा. लाल चिपचा. एका दुष्ट प्राध्यापकाचा. हजारो सैनिकांच्या जागी यंत्र घ्यायला निघालेल्या व्यवस्थेचा खटला त्या न्यायालयात चाललाच नाही. नंतर ‘रा.वन’ (२०११) आला, ‘२.०’ (२०१८) आला, आणि ‘तेरी बातों में ऐसा उलझा जिया’ (२०२४) मध्ये तर यंत्र सून होऊन घरात शिरले. राक्षस नाही तर अप्सरा. तिसरे रूप नाही.

तिसरे रूप पाहायचे असेल तर आमच्या तुर्भ्याला या. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला, महापे, रबाळे, ऐरोली येथे, जेथे एके काळी रसायनांचे आणि इंजिनिअरिंगचे कारखाने होते, तेथे आता बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती उभ्या आहेत. त्यांना डेटा सेंटर म्हणतात. माणसांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देणारी बुद्धी अशाच घरांत राहते. तिला हात नाहीत, पाय नाहीत, डोळा तर नाहीच. तिला लागते वीज, पाणी आणि गारवा. तो गारवा राखणारे वातानुकूलनाचे कामगार, जनरेटरवाले, पहारेकरी, झाडूवाले बहुतेक ठेकेदाराकडचे. त्यांच्यापैकी एकाला आम्ही विचारले, आत रोबोट आहे का? तो म्हणाला, “नाही साहेब, कपाटं आहेत. पण थंडी लय वाजते.”

दुसरीकडे बाजार समितीचा आवार. येथला माथाडी पाठीवर पोते घेतो, पण त्याच्यापाशी १९६९ चा माथाडी कायदा आहे. त्या कायद्याने काय केले? ज्याच्या मालाला हात लावला त्या मालकाचे नाव मंडळाच्या दप्तरात आणले, त्याच्याकडून मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही भरून घेतली. मालकाला नाव मिळाले म्हणून हमालाला हक्क मिळाला. आता हाकेच्या अंतरावरच्या गोदामात जाऊ. तेथे पोरांच्या हातात स्कॅनर असतो. कोणत्या रॅकवर जा, किती सेकंदांत जा, हे तोच सांगतो आणि तोच मोजतो. अशाच एका गोदामातून काही पोरांना काम मिळेनासे झाले, तेव्हा आम्ही जाब विचारायला गेलो. व्यवस्थापकाने हात वर केले: “आम्ही काही केलं नाही, सिस्टिमनंच काढलंय.” आणखी वाईट म्हणजे पोरांनाही ते पटले होते. त्यातला एक आम्हाला समजावू लागला, “साहेब, आता मशीनच ठरवणार सगळं. पिक्चरमध्ये नाही का दाखवलंय?” त्याच्या मनात सिस्टिम म्हणजे चिट्टी, म्हणजे स्कायनेट. मनाला येईल तसे करणारे, ज्याच्यापुढे अर्ज-विनंती चालत नाही असे काहीतरी. त्या सिस्टिममध्ये ‘इतक्याहून हळू चालणाऱ्याला पाळी देऊ नये’ हा आकडा कोणा माणसाने घातला असेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. शंभर वर्षांच्या पडद्याची ही कमाई. मालकाला यापेक्षा चांगला वकील मिळाला नसता.

येथे कायदा काय म्हणतो तेही नमूद केले पाहिजे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९ अ होते आणि त्याला जोडलेली चौथी अनुसूची होती. ज्या यांत्रिक सुधारणेने कामगार कमी होण्याचा संभव आहे, ती करण्यापूर्वी मालकाने एकवीस दिवसांची नोटीस द्यावी, असे त्यात लिहिले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली; तिच्यातही कलम ४० मध्ये बदलाच्या नोटिशीची तरतूद आहे. स्कॅनरमधला आकडा बदलणे हा कामाच्या पद्धतीतला बदल आहे की नाही, हा वाद घालण्यासारखा आहे. पण भुताला नोटीस मागता येत नाही. मालकालाच मागता येते.

कोणी म्हणेल, यंत्राच्या बंडाची भीती काय फक्त सिनेमावाल्यांची आहे? नाही. जेफ्री हिंटन यांच्यासारख्या, या विद्येच्या पायाभरणीतल्या शास्त्रज्ञाने मे २०२३ मध्ये गूगल सोडले, ते धोक्यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून. त्यांच्या प्रामाणिकपणावर आम्ही शंका घेत नाही, आणि त्यांचा प्रश्न खोटा आहे असे म्हणण्याइतकी आमची विद्याही नाही. पण त्याच महिन्याच्या ३० तारखेला एका ओळीचे निवेदन निघाले, की या बुद्धीपासून मानवजात नष्ट होण्याचा धोका साथीच्या रोगांइतका आणि अणुयुद्धाइतका गंभीर मानावा. त्यावर ओपनएआय, गूगल डीपमाइंड, अँथ्रॉपिक या, ती बुद्धी बनवून विकणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांच्याही सह्या होत्या. त्यांच्या मनातले ते जाणोत. आम्हाला एवढेच दिसते की प्रलयाची गोष्ट जितक्या ठळक अक्षरांत छापली गेली, तितक्या ठळकपणे दुसरी एक गोष्ट छापली गेली नाही. त्याच वर्षी जानेवारीत ‘टाइम’ने प्रसिद्ध केले होते की या बुद्धीला घाण शब्द ओळखायला शिकवण्यासाठी केनियात माणसे तासाला दोन डॉलरहूनही कमी मजुरीवर दिवसभर किळसवाणा मजकूर वाचत बसत होती. चापेकचा ‘रोबोटा’ तो हाच, खुर्चीवर बसलेला.

बनवणारेही सिनेमाच्या भाषेतच स्वप्ने पाहतात, याचा पुरावा मे २०२४ मध्ये मिळाला. ‘हर’ नावाचा २०१३ चा एक चित्रपट आहे. त्यात एक एकटा माणूस संगणकातल्या आवाजाच्या प्रेमात पडतो. तो आवाज स्कारलेट जोहान्सन या नटीचा. ओपनएआयने बोलणारे नवे यंत्र दाखवले त्या दिवशी कंपनीच्या प्रमुखाने त्या चित्रपटाचे एका शब्दाचे नाव समाजमाध्यमावर टाकले. पुढे नटीने जाहीर केले की माझा आवाज मागितला होता, मी नकार दिला होता, आणि तरी यंत्राचा आवाज माझ्यासारखा निघाला. कंपनीने तो आवाज दुसऱ्या नटीचा असल्याचे सांगितले आणि वापरणे थांबवले. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध संरक्षण दिले. मोठ्या गायिकेला न्यायालय गाठता येते. कोरसमध्ये उभे राहणाऱ्या बाईच्या गळ्याचे काय, हे आम्ही विचारून ठेवतो.

खरे बोलणारे चित्रपट मुळीच निघत नाहीत असे नव्हे. विक्रमादित्य मोटवाने यांच्या ‘कंट्रोल’मध्ये (२०२४) यंत्रापाठची कंपनी दिसते. अरण्य सहाय यांचा ‘ह्यूमन्स इन द लूप’ तर झारखंडमधल्या एका आदिवासी बाईची गोष्ट सांगतो. ती संगणकाला पाने, किडे, माणसे ओळखायला शिकवण्याचे काम करते. मुंबईच्या मामी महोत्सवात तो २०२४ मध्ये दाखवला गेला. असे चित्रपट आमच्या नाक्यावरच्या पोरापर्यंत पोचत नाहीत. त्याच्या मोबाईलवर अजून टर्मिनेटरचाच तुकडा फिरतो.

आणि ज्या हॉलिवूडने हे भूत जगाला दिले, तेथल्याच कामगारांनी शेवटी काय केले? २ मे २०२३ रोजी तेथील पटकथालेखकांनी संप पुकारला. तो १४८ दिवस चालला. जुलैत नटनट्याही बाहेर पडल्या. त्यांचा ११८ दिवस. यंत्राच्या बंडाच्या गोष्टी लिहून ज्यांनी पोट भरले, त्यांच्या मागणीपत्रात बंडाचा शब्दही नव्हता. लेखकांच्या करारात कलमे आली ती अशी: यंत्राने लिहिलेल्या मजकुराला लेखकाचे श्रेय मिळणार नाही. लेखकावर यंत्र वापरण्याची सक्ती करता येणार नाही. दिलेला मजकूर यंत्राने तयार केलेला असेल तर कंपनीने तसे सांगितले पाहिजे. नटांच्या करारात त्यांच्या देहाची यांत्रिक प्रतिकृती करायला संमती आणि मोबदला लागेल असे ठरले. लेखकांच्या कराराची मुदत धरली होती १ मे २०२६ पर्यंत. ही कलमे आम्ही मराठीत करून तुर्भे स्टोअरच्या सभेत वाचून दाखवली. मागच्या रांगेतून गोदामातला एक जण उठला आणि म्हणाला, “ते तिसरं कलम पुन्हा वाचा. कंपनीनं सांगितलं पाहिजे, ते.”